काले गावची शाळा आणि कोल्हापूरचे जैन बोर्डिंग

मध्यंतरी दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यातील काले या गावाचे दर्शन घडले. रयत शिक्षण संस्थेचा उगम या गावी झाला, हे निवेदकाने सांगितले; शाळेची इमारत, प्रार्थनेला उभे असलेले विद्यार्थी आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांची प्रतिमा पडद्यावर येऊन गेली. भाऊराव जन्माने जैन होते, हेही एका वाक्यात सांगून झाले. आपल्या समाजातील अनेकांनी तो कार्यक्रम पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मंदिरात त्याविषयी अभिमानाने बोलणे झाले. तो अभिमान रास्त आहे. परंतु काले येथील शाळेच्या जन्मकथेचा पूर्वार्ध कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये घडलेला आहे, आणि तो आपल्याला तितकासा सुखावणारा नाही. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या समाजाच्या शैक्षणिक कार्याचा आढावा येणारच आहे. त्याच्या शेजारी हा इतिहासही असावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. बाहुबली क्षेत्राला जाणाऱ्या श्रावकांना कुंभोज परके नाही. वडील पायगोंडा पाटील हे सरकारी नोकरीत होते. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. त्याहीपूर्वी हे घराणे दक्षिण कन्नड प्रांतातील मूडबिद्रीकडून आले असे सांगतात. आई गंगाबाई. घरात जैन आचाराचे वातावरण होते. परंतु भाऊरावांची प्रकृती बालपणापासून बंडखोर. तालमीत रमणारा, अंगापिंडाने दणकट, अभ्यासात बेताचा असा हा मुलगा पुढील शिक्षणासाठी कोल्हापूरला आला आणि दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कूलमध्ये शिकू लागला.

ही बोर्डिंगे कशी निर्माण झाली, ते येथे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. त्या काळी खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला शिकावयाचे तर पहिली अडचण शाळेची नव्हती, राहण्याची होती. हायस्कूल शहरात, मुलगा खेड्यात. शहरात नातेवाईक नसेल तर जेवण कोठे आणि अंथरूण कोठे? खोली भाड्याने घ्यावी तर घरमालक आधी जात विचारणार. आपल्या समाजाच्या धुरीणांनी हे वेळीच ओळखले. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि शिक्षणप्रसार हे तिने आपले मुख्य कार्य मानले. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद जव्हेरी यांनी निरनिराळ्या शहरांतील जैन बोर्डिंगांना सढळ हाताने साहाय्य केले. कोल्हापुरात तर प्रत्यक्ष छत्रपती शाहू महाराजांचा वरदहस्त होता. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, नंतर मुस्लिम, लिंगायत अशी वसतिगृहांची मालिका उभी राहिली. प्रत्येक समाजाने आपले बोर्डिंग चालवावे आणि दरबाराने त्याला जागा व अनुदान द्यावे, अशी ती योजना होती. महाराजांचे स्वतःचे मन जातिभेदाच्या पलीकडे गेलेले होते, पण समाज तयार नव्हता. एका पंगतीला बसायला कोणी राजी नसताना निदान प्रत्येकाची स्वतंत्र पंगत तरी मांडावी, हा व्यवहारी विचार त्यामागे होता. आज त्या योजनेला नावे ठेवणे सोपे आहे. तथापि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील जे वकील, शिक्षक आणि डॉक्टर झाले, त्यांच्यातील कितीतरी जण याच बोर्डिंगांचे अन्न खाऊन मोठे झाले.

१९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क बोर्डिंगची स्थापना झाली. मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर क्लार्क यांच्या कन्येचे नाव या वसतिगृहाला देण्यात आले होते. त्या समारंभाला तरुण भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, मगच भोजनगृहात यावे, असे बोर्डिंगतर्फे सांगण्यात आले. भाऊरावांनी नकार दिला. शिक्षा म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. चरित्रग्रंथांत या प्रसंगाचे बारकावे थोडे वेगवेगळे आढळतात, परंतु मुख्य गोष्टीबद्दल मतभेद नाही: अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावर आंघोळ करायला नकार दिला म्हणून एका जैन विद्यार्थ्याला जैन बोर्डिंगच्या बाहेर काढण्यात आले. बोर्डिंगची सूत्रे त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. शाहू महाराजांनी या मुलाला आपल्याकडे आश्रय दिला, आणि पुढील काही काळ तो राजवाड्याच्या छायेत राहिला.

समवसरणात देव, मनुष्य आणि तिर्यंच सारे एकत्र बसून भगवंतांची दिव्यध्वनी ऐकतात, हे आपण प्रत्येक पूजाविधानात ऐकतो. वाघाच्या शेजारी गाय बसते, हे चित्र आपल्या मंदिरांच्या भिंतींवर रंगवलेले असते. त्याच मंदिरात दर्शन घेणाऱ्या मंडळींनी एका मुलाला केवळ समारंभाला गेला म्हणून आंघोळीची अट घालावी, ही विसंगती त्या काळात कोणाला जाणवली नसेल असे नाही. ती बोलून दाखवण्याचे धाडस मात्र कोणी केल्याचे दिसत नाही. ती रूढी आपल्या आगमांतून आलेली नव्हती. सभोवतालच्या समाजाकडून आपण ती उचलली होती आणि नंतर आपलीच म्हणून सांभाळली.

लठ्ठे यांच्याविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर अन्याय होईल. कुरुंदवाडला १८७८ मध्ये जन्मलेला हा माणूस आपल्या समाजातील पहिल्या पिढीच्या एम. ए. पदवीधरांपैकी एक. जैन सभेच्या स्थापनेत त्यांचा वाटा मोठा. शाहू महाराजांचे विस्तृत इंग्रजी चरित्र त्यांनी लिहिले, पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ च्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. ब्राह्मणेतर चळवळीतील ते एक विचारवंत होते. असा सुधारक मनुष्यही बोर्डिंगच्या बाबतीत रूढीपुढे नमला. त्याचे कारण माझ्या मते साधे आहे. बोर्डिंग देणगीदारांच्या पैशावर चाललेले होते. नियम मोडला असता तर गावोगावच्या पाटील-शेठजींनी आपली मुले काढून घेतली असती आणि वर्षाची वर्गणीही थांबवली असती. ज्याने संस्थेचा जमाखर्च एकदा तरी सांभाळला आहे, त्याला ही भीती कळेल. कळली म्हणून पटावीच असे नाही.

बोर्डिंग सुटले, शिक्षणही मॅट्रिकपर्यंत गेले नाही. पण राहण्याच्या सोयीविना शिक्षण नाही, आणि ही सोय जातीवर वाटली की तिच्यातून माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो, हे दोन्ही धडे भाऊरावांना कोल्हापुरात स्वानुभवाने मिळाले. १९१० च्या सुमारास वारणाकाठच्या दुधगाव येथे, गावातील स्नेह्यांच्या साह्याने त्यांनी एक विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. दुधगावात जैन वस्ती मोठी. तरीही वसतिगृह केवळ जैनांचे नव्हते. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत. पुढच्या सर्व कार्याचे बीज या छोट्या वसतिगृहात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतर १९१४ चे डांबर प्रकरण आले. कोल्हापुरात एडवर्ड बादशहा आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या पुतळ्यांना कोणी डांबर फासले. दरबारातील काही अधिकाऱ्यांचा रोष लठ्ठे यांच्यावर होता आणि या निमित्ताने त्यांना गुंतवण्याचा घाट घातला गेला. लठ्ठ्यांच्या विरुद्ध साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दबाव आणण्यात आला. ज्या माणसाच्या कारकीर्दीत आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले, त्याच्यावर सूड उगवण्याची यापेक्षा सोपी संधी कोणती? एक खोटी साक्ष पुरे होती. भाऊरावांनी ती दिली नाही. त्यांना तुरुंगात डांबले, त्यांचा छळ झाला. तो असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण खोटे बोलले नाहीत. अखेरीस त्यांची सुटका झाली. लठ्ठे कोल्हापूर सोडून बेळगावला वकिली करू लागले. सत्य अणुव्रत आपण पाठ म्हणतो. ते पाळण्याची अशी कसोटी फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि तीही ज्याने आपले नुकसान केले त्याच्यासाठी.

पुढची काही वर्षे भाऊरावांनी उपजीविकेसाठी साताऱ्यात शिकवण्या केल्या. ‘पाटील मास्तर’ म्हणून ते ओळखले जात. नंतर ओगलेवाडीच्या काच कारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. व्यापारी या नात्याने मला हा काळ विशेष महत्त्वाचा वाटतो. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते. त्याची जमीन किती, कर्ज किती, बैल कसे, मुले किती आणि ती काय करतात, हे सारे विचारल्याशिवाय माल खपत नाही. लाकडी नांगराची सवय असलेल्या माणसाला लोखंडी नांगर पटवणे म्हणजे अर्धे शिक्षणच होते. सातारा जिल्ह्यातील रयतेची खरी स्थिती भाऊरावांना कळली ती या फिरस्तीत. संस्थेला पुढे ‘रयत’ हे नाव मिळाले, त्यामागे हा परिचय आहे.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शेजारचा सातारा जिल्हा मात्र इंग्रजी अमलाखाली होता. मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला खरा, परंतु त्याचा लाभ घेण्याची मुभा नगरपालिकांपुरतीच होती. खेडी वगळलेली होती. म्हणजे ज्यांना शाळेची सर्वाधिक गरज, तेच कायद्याबाहेर राहिले. या पोकळीत सत्यशोधक चळवळीने खेड्यापाड्यांत शिक्षणाची भूक निर्माण केली होती. सातारा जिल्हा तर या चळवळीचे माहेरच. १९१९ मध्ये काले येथे सत्यशोधकांची परिषद भरली, तीत बहुजनांच्या शिक्षणाचा विचार झाला, आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी विजयादशमीच्या मुहूर्तावर त्याच गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना होऊन वसतिगृह सुरू झाले.

वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपण ‘काले गावची शाळा’ म्हणतो, पण आरंभ झाला तो वसतिगृहाने. आधी मुलाला छप्पर आणि भाकरी, मग पाटी. आणि त्या छपराखाली कोणाचीही जात विचारली जाणार नव्हती. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची गोडी निर्माण करणे, गरिबांच्या मुलांना विनामूल्य शिकवणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांमध्ये परस्पर प्रेम उत्पन्न करणे, अनिष्ट रूढींना फाटा देणे, मुलांना काटकसरी, स्वावलंबी आणि उद्योगी बनवणे, अशी उद्दिष्टे संस्थेने ठरवली. कोल्हापुरात जे वेगवेगळ्या पंगतींनी साधले, ते काल्याला एका पंगतीत करावयाचे होते.

काळाचा एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. कालेच्या आदल्याच वर्षी, १९१८ मध्ये, विदर्भातील कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम या जैन गुरुकुलाची स्थापना झाली. त्याचे संस्थापक देवचंद शहा, म्हणजेच पुढचे पूज्य समंतभद्र महाराज. त्यांनीच १९३४ मध्ये कुंभोजजवळच्या बाहुबली येथे गुरुकुल उभारले. जैन धर्माचे संस्कार आणि आधुनिक शिक्षण यांची सांगड घालणारी ती परंपरा आज आपल्या डोळ्यांसमोर आहे. दोन जैन तरुण, दोन वर्षांतील दोन प्रारंभ. एकाने आपल्या समाजाच्या मुलांवर धर्माचे संस्कार टिकावेत म्हणून गुरुकुल काढले, दुसऱ्याने समाजाची कुंपणे मोडण्यासाठी वसतिगृह काढले. यांतील एकाला श्रेष्ठ व दुसऱ्याला कनिष्ठ ठरवण्याचा माझा हेतू नाही. मात्र आपल्या सभासमारंभांत पहिल्या परंपरेचे जितके स्मरण होते तितके दुसरीचे होत नाही, हे खरे आहे. भाऊराव बहुजन समाजाचे झाले, असे म्हणून आपण मोकळे होतो.

१९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठिकाण काल्याहून साताऱ्यास आले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सर्व मुलांचे एकत्र वसतिगृह तेथे सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण त्यांच्या हस्ते झाले. ज्या राजाने बोर्डिंगमधून काढलेल्या मुलाला आसरा दिला, त्याचे नाव त्या मुलाच्या बोर्डिंगला लागले. शाहू महाराज मात्र हे पाहायला नव्हते; १९२२ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

या साऱ्या काळात घर चालवले ते भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी. त्यांच्याविषयी आपल्या श्राविका मंडळांतून अधिक बोलले जावयास हवे. जैन कुटुंबातील मुलगी, सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेली. तिच्या स्वयंपाकघरात एके दिवशी पतीने सर्व जातींची मुले आणून बसवली. हे तिला पहिल्या दिवसापासून सहज जमले असेल, असे समजणे म्हणजे तिच्या त्यागाची किंमत कमी करणे होय. हळूहळू त्यांनी ते स्वीकारले. मुलांना त्या आई झाल्या. आजारी मुलाच्या उशाशी बसणे, रोजच्या भाकरीची काळजी वाहणे हे त्यांच्याकडेच असे. पैशाची चणचण कायमची. माहेरून आलेले दागिने एकामागून एक मोडले गेले आणि एका प्रसंगी वसतिगृहात धान्य नव्हते तेव्हा भाऊराव गावी नसताना त्यांनी आपले मंगळसूत्रही विकण्यास दिले. धंद्यात आम्ही गुंतवणूक, तारण असे शब्द नेहमी वापरतो. सौभाग्यलेण्याची नोंद कोणत्या खात्यावर करावी, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्थेचा वटवृक्ष पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

पुढील इतिहास बऱ्याच ठिकाणी छापून आलेला आहे, म्हणून तो येथे झपाट्याने सांगतो. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. दरम्यान प्राथमिक शाळा नसलेल्या खेड्यांत शेकडो स्वयंस्फूर्त शाळा उघडल्या गेल्या. ‘कमवा आणि शिका’ ही योजना येथेच रुजली. मुलांनी खडकाळ जमिनी फोडल्या, विहिरी खणल्या, स्वतःचे धान्य पिकवले. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ थांबले. तेव्हा गाडगे महाराजांसारख्या संतांनी आणि सामान्य रयतेने संस्था तारली. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला. आज रयत शिक्षण संस्थेच्या शाखा सातशेहून अधिक असून विद्यार्थ्यांची संख्या काही लाखांत आहे. काले येथेही संस्थेचे माध्यमिक विद्यालय चालू आहे. दूरचित्रवाणीवर आपण पाहिली ती हीच शाळा.

भाऊरावांना आपल्या समाजाने त्या काळी कसे वागवले, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. काहींनी त्यांना भ्रष्ट ठरवले, काहींनी गुपचूप मदत केली, पुष्कळांनी दुर्लक्ष केले. त्यांचा गौरव सर्वत्र होऊ लागल्यावर आपणही त्यांना आपले म्हणू लागलो. कोल्हापूर-सांगली भागातील कितीतरी जैन शेतकऱ्यांची मुले रयतच्या शाळांतूनच शिकली, हे मात्र निर्विवाद. ज्या दारातून एका जैन मुलाला बाहेर जावे लागले, त्याच मुलाने उघडलेल्या दारातून आपली मुले आत गेली आणि तेथे त्यांना कोणी आंघोळीची अट घातली नाही.

आपल्या ट्रस्टच्या विद्यार्थी वसतिगृहात अन्य समाजांतील गरजू मुलांना काही जागा द्याव्यात की नाही, हा विषय सर्वसाधारण सभेत यापूर्वी दोन वेळा येऊन गेला आहे. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे असे मी मानत नाही. भोजनगृहातील आपले नियम, कंदमूळ आणि रात्रिभोजन यांविषयीची मर्यादा टिकावी, ही त्यांची चिंता खरी आहे. देणगीदारांनी ज्या हेतूने दान दिले तो हेतू राखावा, हेही विश्वस्तांचे कर्तव्य आहे. परंतु आहाराचा नियम आणि प्रवेशाचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भोजनगृहाचे नियम पाळण्यास तयार असलेल्या मुलाला नाकारण्यासाठी आहाराचे कारण पुरत नाही. १९०८ मध्ये कोल्हापुरात भाऊरावांनी बोर्डिंगच्या स्वयंपाकाचा कोणताही नियम मोडल्याचे कोठे लिहिलेले नाही. त्यांनी नाकारली ती फक्त आंघोळ. हा विषय सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या सर्वसाधारण सभेपुढे तिसऱ्यांदा येत आहे. सभासदांनी त्या दिवशी अवश्य उपस्थित राहावे आणि आपले मत स्पष्टपणे मांडावे, ही विनंती.